फी माफ झाली, हप्ता कुठाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त इंजिनीअर गृहस्थांचं पत्र आलं होतं, टॅक्स आम्ही भरायचा आणि पोरांनी फुकट शिकायचं, हे लाड बंद करा असं. मी ते ठाणे-पनवेल लोकलमध्ये दाराजवळ उभी राहून मोबाइलवर वाचलं, आधी राग आला आणि मग जरा हसूच आलं, कारण त्याच पत्रात त्यांनी लिहिलंय की ते १९७४ साली सरकारी कॉलेजातून पास झाले आणि तेव्हा फी किती होती ते आता आठवत नाही. आठवत नाही म्हणजे किती असेल बघा. माझ्या मुलीची फी मला झोपेतून उठवून विचारली तरी पैशापर्यंत सांगेन.

मी नवी मुंबईत एका विनाअनुदानित कॉलेजच्या अकाउंट्स सेक्शनला १९ वर्षं काम करते (नाव लिहीत नाही, नोकरी करायचीय अजून), राहायला कळव्याला. त्यामुळे फुकट शिक्षण म्हणजे काय हे मला भाषणातून नाही, खिडकीच्या आतल्या बाजूने माहीत आहे.

८ जुलै २०२४ ला सरकारचा जीआर (शासन निर्णय) निघाला. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या) आणि ओबीसी मुली, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत, व्यावसायिक कोर्सला कॅपमधून म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून अॅडमिशन, तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. आधी निम्मी माफ होती, ती पूर्ण झाली. निर्णय चांगलाच आहे, त्यात वाद नाही. आमच्याकडे त्या दिवसांत अॅडमिशनची धामधूम चालू होती, फोन थांबेनात. एक दिवस दिघ्याहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. कपड्याच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात फाइल, फाइलमध्ये तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाइल, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. मी चलन काढून दिलं. ट्यूशन फीपुढे शून्य. खाली डेव्हलपमेंट फी, युनिव्हर्सिटीची एनरोलमेंट, आयकार्ड, विमा, जिमखाना असं करत करत टोटल वीस हजारांच्या वर. बाई म्हणाल्या, मॅडम टीव्हीवर तर फुकट सांगितलं. मी समजावलं की माफी ट्यूशन आणि परीक्षा फीची आहे, बाकीचं भरावं लागतं, हप्ते करून देते. त्यांनी ते ऐकून घेतलं, मग चलनावरच्या त्या शून्यावर बोट ठेवून विचारलं, "आणि हे आमचे कोण भरणार, तुम्ही?"

त्यांनी सहज विचारलं असेल पण त्या वर्षी खरोखर आम्हीच भरले. कसे ते सांगते. माफ झालेली फी सरकार कॉलेजला नंतर देणार, म्हणजे आधी मुलीने पोर्टलवर अर्ज करायचा, मग आमचा क्लार्क लॉगिनमधून तपासणार, मग प्रिन्सिपल लॉगिन, मग वर खात्याकडे, मग ट्रेझरी, मग हप्ता. एकाचं आधार बँकेला लिंक नाही, एकीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं, अर्ज परत. आणि सगळं बरोबर असलं तरी पैसे यायला कधी कधी पुढचं वर्ष उजाडतं. विनाअनुदानित कॉलेजला पगार द्यायला सरकारचा रुपया नसतो, फीतूनच पगार निघतो, म्हणजे फी अडकली की पगार अडकला. आमचे त्या वर्षी दोन महिने अडकले. लॅब असिस्टंटपासून मॅडम लोकांपर्यंत सगळ्यांचे. होम लोनचा हप्ता बाउन्स झाला की बँक थांबत नाही. म्हणजे त्या मुलींच्या शिक्षणाला बिनव्याजी उधार दिलं कोणी, तर आम्ही, आणि आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. त्या गृहस्थांना हे कळावं म्हणून लिहितेय, टॅक्सवाल्यांच्या आधी रांगेत अजून माणसं उभी आहेत.

आता बाहेर कसं चालतं म्हणाल. माझ्या नणंदेचा मुलगा जर्मनीत मास्टर्स करतोय, सरकारी विद्यापीठ, ट्यूशन फी नाही. घरी सगळ्यांना वाटतं तिकडे पैसे झाडाला लागतात. तसं नाही. तिकडे विद्यापीठाचा खर्च मुख्यतः तिथली राज्यं आपल्या बजेटमधून थेट विद्यापीठाला देतात. मुलामागे अर्ज, मग क्लेम, मग हप्ता ही भानगडच नाही, विद्यापीठ चालवायचंय ना मग चालवण्याचा खर्च घ्या. मुलगा फक्त सेमिस्टरची वर्गणी भरतो, बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-ट्रेनचा पास येतो. आणि हेही त्यांनी सरळ केलं असं नाही, मधे काही राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरो फी लावून पाहिली, लोक चिडले, सरकारं बदलली, २०१४ मध्ये शेवटच्या राज्यानेही ती काढली. पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेतच. भाचा दुसऱ्या राज्यात आहे म्हणून वाचला. बाकी व्हिसासाठी वर्षाचा राहण्याचा खर्च आधी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे बँकेत अडकवून, दाखवावा लागतो तो भावोजींनी फ्लॅट गहाण टाकून दाखवला, म्हणून ते फुकटसुद्धा सगळ्यांच्या आवाक्यातलं नाही.

आणि मुख्य म्हणजे जर्मनी देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ३८ टक्क्यांच्या आसपास कर आणि सोशल सिक्युरिटीची वर्गणी मिळून गोळा करते. आपल्याकडे केंद्र आणि राज्यं मिळून १७-१८ टक्के. हा आकडा बघितला की अर्धी भांडणं तिथेच संपतात. त्यांच्यासारखं हवंय पण कर आपल्यासारखा, हे कसं जमणार? दुसरीकडे इंग्लंड बघा. तिथेही आधी फुकट होतं, १९९८ मध्ये १००० पाउंड झाले, २००६ ला ३०००, २०१२ ला एकदम ९०००. मुलगा आता भरत नाही, सरकार कर्ज देतं, नोकरी लागून ठरावीक पगाराच्या वर गेला की पगारातून कापतात आणि २०१२ च्या त्या मुलांचं ३० वर्षांत फिटलं नाही तर उरलेलं माफ. म्हणजे फिरून पुन्हा सरकारनेच भरलं, फक्त ३० वर्षांनी. ऑस्ट्रेलियाने १९७४ ला फी काढली आणि १९८९ ला असंच कर्ज आणून परत लावली. अमेरिकेत जॉर्जिया राज्य १९९३ पासून लॉटरीच्या पैशातून कॉलेजची स्कॉलरशिप देतं, पण तिकिटं घेणार गरीब आणि मार्कांवरची स्कॉलरशिप जाणार बऱ्या घरच्या मुलांना, अशी टीका तिथेच होते. आपलीही राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, तेव्हा कृपया कुणाच्या डोक्यात ही आयडिया घालू नका.

मला आमच्यासारखं वाटलं ते चिली. २०११ ला तिथली मुलं रस्त्यावर उतरली, २०१६ पासून गरीब निम्म्या घरांतल्या मुलांची फी सरकार भरायला लागलं, पुढे ६० टक्क्यांपर्यंत नेलं. पण तिथेही सरकार आपल्याच दराने पैसे देतं, आणि तो दर आणि खरा खर्च यातला फरक कोणी सोसायचा यावरून विद्यापीठांची ओरड. वाचताना वाटलं आमच्याच ऑफिसातली मीटिंग चाललीय.

तर आपल्याकडे पैसा कुठून, यावर. तुमच्या घरपट्टीचं बिल काढा आणि वाचा. कोणी वाचत नाही, टोटल बघतो आणि जीपे करतो. आमच्या बिलात सामान्य कर आहे, जललाभ, मलनिःसारण, वृक्ष कर, आणि त्यात शिक्षणाच्या नावाच्या ओळी, पालिकेची वेगळी आणि राज्याची वेगळी. राज्याचा शिक्षण उपकर १९६२ च्या कायद्याने आहे, पालिका फक्त गोळा करून देते. पगारदारांना तर प्रोफेशन टॅक्सही आहे, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. तो १९७५ ला आपल्याच महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी लावला, आणि जेवढा टॅक्स जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची असं ठरवलं. ७२ च्या दुष्काळातून वर आलेलं राज्य होतं, तरी पैसा कुठून आणि जाणार कुठे हे दोन्ही सांगून कर लावला. शहरातल्या पगारातून गावातल्या खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी. त्या वेळी लोकांनी बोंब मारली असेलच, पण दिला.

केंद्राचं बघा. इन्कम टॅक्सवर २००४ पासून २ टक्के शिक्षण सेस, २००७ ला माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी अजून १ टक्का, २०१८ पासून आरोग्य धरून ४ टक्के. तो उच्च शिक्षणाचा १ टक्का २०१७ पर्यंत ८३ हजार कोटींच्या वर जमला आणि त्याच्यासाठी स्वतंत्र फंडच उघडला नव्हता असं सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने लिहून ठेवलंय. आणि सेसची गंमत म्हणजे तो राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. कर दिल्लीत, फी माफी मुंबईत. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर म्हटलं होतं, २०२० च्या धोरणातही तेच ६ टक्के परत लिहिलेत. माझा जन्म त्या दोघांच्या मधला.

म्हणून त्या गृहस्थांना सांगते की टॅक्स तुम्ही एकट्याने भरत नाही. दिघ्याच्या त्या बाई इन्कम टॅक्स भरत नसतील पण मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी त्यांचाही जातो, तुमच्याएवढाच. आणि तुम्ही शिकलात तेव्हा कॉलेजं सरकारची होती. १९८३ ला मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानितला परवानगी दिली कारण मुलं वाढली आणि सरकारला नवी सरकारी कॉलेजं काढणं झेपत नव्हतं, नाहीतर पोरं कर्नाटकात डोनेशन भरून जात होती. मला त्या निर्णयाचा राग नाही, माझं घर त्याच्यावर चाललंय. पण तेव्हापासून सरकारने जमीन स्वस्तात द्यायची, कॉलेज संस्थेने काढायचं, फी प्राधिकरणाने ठरवायची आणि माफी पुन्हा सरकारने करायची असा तिघांचा संसार झालाय. बरं त्या जीआरमध्ये खाजगी अभिमत विद्यापीठं नाहीतच, आणि आमच्या लाइनला स्टेशनागणिक एक बोर्ड त्यांचाच दिसतो.

सगळ्यांना सरसकट फुकट द्या असंही मी म्हणत नाही. आमचं दोघांचं मिळून ८ लाखांच्या जरा वर जातं, फॉर्म १६ लपवता येत नाही, त्यामुळे मुलीसाठी लोन काढलं, काढलं तर काढलं. शेजारच्या दुकानदाराचा दाखला मात्र अडीच लाखांचा येतो आणि तो मीच स्क्रुटिनीत पास करते कारण दाखला तहसीलचा आहे, माझ्या डोळ्यांना विचारत कोण. एकाच घरात बहिणीला फी शून्य आणि भावाला निम्मी, त्याचे बाप खिडकीवर येऊन मलाच झापतात.

पण पैसा नाही हे मला कोणी सांगू नका. जीआरच्या वेळी मुलींच्या फीचा वाढीव बोजा वर्षाला ९०६ कोटी सांगितला होता. त्याच पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेला वर्षाला ४६ हजार कोटी. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मिळतात आणि त्यांना त्याची गरज आहे. पण ते १५०० एक महिना लांबले की टीव्हीवर बातमी होते, आणि फीचे पैसे वर्षभर लांबले तरी कुठे ओळ नाही, कारण ते बाईच्या खात्यात दिसत नाहीत, कॉलेजच्या थकबाकीत दिसतात, आणि कॉलेजवाल्यांची दया कोणाला येणार. येऊही नये फार.

माझं मागणं एवढंच आहे की माफीच्या जीआरमध्ये पैसे कुठल्या हेडमधून आणि कुठल्या तारखेला कॉलेजला पोचणार ते छापा, आणि तारीख चुकली तर व्याज द्या. घरपट्टी थकली की आम्हाला महिन्याला २ टक्के शास्ती लागते. तोच दर सरकारने स्वतःला लावावा, मग बघू हप्ता कसा येत नाही. कुठल्या कॉलेजचे किती बाकी ते जाहीर करा म्हणजे एखादं कॉलेज पैसे येऊनही पगार थांबवत असेल तर तेही उघडं पडेल (हे वाक्य छापलंत तर माझं नाव नक्की छापू नका).

दिघ्याची ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला आलीय, चांगले मार्क आहेत. मागच्या आठवड्यात इंटर्नशिपसाठी बोनाफाइड न्यायला आली तेव्हा मी सहज तिचं खातं उघडून पाहिलं. पहिल्या वर्षाचा दुसरा हप्ता अजून पेंडिंग दाखवतोय.

आपली,
एक वाचक, कळवा (ठाणे)