जमिनीवरच्या दुर्बिणींनाही थोडी जागा द्या

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात अवकाशातल्या दुर्बिणींचे फोटो पानभर येतात, छानच असतात, पण ते बघून बऱ्याच जणांची समजूत झालीय की जमिनीवरच्या दुर्बिणींचे दिवस संपले. तसं अजिबात नाहीये, आणि यात पुण्याचा वाटा आहे तो तरी लोकांना कळायला हवा म्हणून लिहितोय.

अडचण हवेची आहे हे खरं. गरम-थंड हवा सतत घुसळत असते, त्यातून येताना प्रकाश जरा जरा वळत राहतो, त्यामुळे आरसा २ मीटरचा असो नाहीतर १० मीटरचा, साध्या फोटोत बारकावे साधारण १०-२० सेंटीमीटरच्या दुर्बिणीइतकेच येतात. दुर्बिणीला कॅमेरा जोडून लॅपटॉपवर गुरू ग्रहाचा लाईव्ह व्हिडिओ बघा, कडा उकळत्या पाण्यासारखी हलत असते आणि मधेच क्षणभर पट्टे एकदम स्वच्छ दिसून परत पुसट होतात. हौशी लोक तेच क्षण वेचतात, हजारो फ्रेम घेऊन त्यातल्या चांगल्या तेवढ्या सॉफ्टवेअरने एकावर एक रचतात.

मोठ्या दुर्बिणींवर मात्र हवेने केलेला बिघाड सुधारायला प्रकाशाच्या वाटेतला एक आरसाच सतत वाकवतात. १९५३ साली अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी ही कल्पना मांडली, पण तेवढी वेगवान यंत्रं यायला बरीच वर्षं गेली. आकाशगंगेच्या मध्यातल्या कृष्णविवराभोवती फिरणारे तारे वेगवेगळे दिसले ते चिली आणि हवाईतल्या दुर्बिणींतून, अशाच युक्त्या वापरून, त्या कामाला २०२० चं नोबेल मिळालं!

आता पुण्याचं सांगतो. आरसा वाकवायची हीच युक्ती आपोआप करणारी रोबो-एओ ही सिस्टीम आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था आणि अमेरिकेतलं कॅलटेक हे विद्यापीठ यांनी मिळून बनवली, २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या १.५ मीटर दुर्बिणीवर बसवली. डोळ्याला न दिसणारा अतिनील लेझर वर सोडायचा, काही किलोमीटर वरच्या हवेतून त्याचा जो उजेड परत येतो त्यावरून हवेने काय बिघडवलंय ते मोजायचं आणि एक छोटासा आरसा सेकंदाला हजारएक वेळा वाकवून ते सुधारायचं, सगळं आपोआप. केप्लर या अवकाशातल्याच दुर्बिणीने जिथे ग्रह असावेत असं सांगितलं त्यातले ७१५ तारे या सिस्टीमने तपासले, शेजारी दुसरा तारा लपलेला नाही ना म्हणून, कारण तो असला तर ग्रहाचा आकारच चुकीचा निघतो. म्हणजे अवकाशातल्या दुर्बिणीचं काम जमिनीवरून पडताळून घेतलं, हे किती जणांना माहितीय?

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आयुका लोकांसाठी खुलं असतं. यंदा नुसता गर्दीचा फोटो न छापता तुमचा बातमीदार तिथल्या इंजिनिअर मंडळींना गाठू दे आणि या कामाला अर्धं पान तरी द्या.

– एक वाचक, पुणे