पोर्टफोलिओ पोट्ट्यांचा राहू द्या, पोर्टलचा करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लहान वर्गातल्या पोट्ट्यांचे डिजिटल पोर्टफोलिओ करा, म्हणजे पोराच्या वर्षभराच्या कामाचे आवाज अन् फोटो मोबाईलनं साठवून ठेवा, असं शिक्षकांना आजकाल ट्रेनिंगमधी सांगतात म्हणे. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडमनं ते मनावर घेतलं अन् पहिली-दुसरीसाठी सुरू पण केलं. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, पोरगी दुसरीत, शेती कोरडवाहू, तर हे पत्र पालकाचं समजा, तज्ज्ञाचं नाही. काम चांगलं आहे, पण ते बिघडायचा रस्ताही मले आताच दिसून राहिला, म्हणून लिहितो.

यात मोठं सॉफ्टवेअर वगैरे काही नाही. गूगल ड्राईव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, वर्गाचं एक फोल्डर, त्यात हजेरी नंबरनं प्रत्येकाचं वेगळं. शाळा उघडली (आपल्या विदर्भात उन्हापायी उर्वरित महाराष्ट्राच्या मागूनच उघडते) की जुलैमधी प्रत्येकाचं मिनिटभर वाचन रेकॉर्ड करायचं, मग दिवाळीच्या सुट्टीनंतर, मग मार्चमधी. वहीतल्या गणिताचा फोटो. एखादं चित्र, मातीकाम, कागदकाम, जे असेल ते, पण त्यातलं कोणतं ठेवायचं हे पोट्ट्यानं ठरवायचं अन् काहून ठेवलं ते त्यानंच बोलून सांगायचं. बाहेरदेशी सीसॉ नावाचं ॲप लहान वर्गांत असंच चालते, पोरगं स्वतः फोटो काढते, त्यावर आपला आवाज भरते अन् ते घरच्यांना दिसते. आमच्याकडे तेच काम मॅडमचा मोबाईल अन् ड्राईव्ह करते, अन् खरं सांगू का, एवढ्यानं भागते.

आता याचा फायदा काय ते सांगतो. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, म्हणजे नुसते मार्क नाही तर पोरगं कसं शिकते याच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकानं लिहायच्या. कल्पना झकास होती. पण झालं काय तर त्या नोंदींच्या रेडीमेड पीडीएफ व्हॉट्सअपवर फिरायला लागल्या, "स्पष्ट व शुद्ध वाचन करतो", "उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो", अन् हेच वाक्य शेजारच्या पोराच्या प्रगती पुस्तकातही. शिक्षकांना तरी दोष कसा द्यावा, दोन मास्तर अन् चार-पाच वर्ग, त्यात खिचडीचा हिशोब, त्यात यूडायसची सरकारी माहिती भरणं, त्यात पोरांचे अपार आयडी नावाचे ओळख नंबर काढणं. आणि समजा एखाद्यानं मनापासून लिहिलंच, तरी गावातल्या कितीतरी माय-आज्यांना ते वाचताच येत नाही, त्या बिचाऱ्या अंगठा लावून परत देतात.

आवाजाला मात्र वाचता यायची गरज नाही. मागच्या पालक सभेत मॅडमनं शाळेच्या टीव्हीवर एका पोराचं जुलैचं वाचन लावलं, एकेक अक्षर लावून, मधीच थांबून, "क... म... ळ" असं, अन् त्याच्यामागून लगेच मार्चचं लावलं, तोच धडा, सरळ वाचत गेला पठ्ठ्या. त्याची आजी पुढच्याच रांगेत होती. तिनं दोन्ही परत लावायला लावले, मग म्हणे, "हा सुरवातीले अडखळे, आता नाई अडखळत." साहेब, "वाचनात प्रगती आहे" म्हणून शिक्षक जे लिहितो ते त्या बाईनं स्वतःच्या कानानं ऐकून ठरवलं. सभेला एरवी चार-दोन जण येतात अन् सही करून वावरात पळतात, त्या दिवशी लोक थांबले, आमचंही लावा म्हणू लागले.

गणिताचं तर याहून मजेदार. ५२ मधून २७ वजा करा म्हटलं तर माझ्या पोरीचं उत्तर ३५. पेपरमधी यावर लाल फुली पडते, विषय संपला. मॅडमनं मात्र वहीचा फोटो घेतला अन् तिले विचारलं, कसं केलं सांग. ती म्हणे, दोनातून सात जात नाही, मग सातातून दोन घेतले, पाच राहिले. म्हणजे पोरीले वजाबाकी येत नाही असं नव्हतंच, लहान आकडा मोठ्यातून काढायचा एवढं तिनं पक्कं धरलं होतं, दशक सुटा करायचा हे डोक्यात बसलं नव्हतं. मग काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून तिला ते दाखवलं अन् महिनाभरानं तसंच दुसरं गणित, ६१ वजा ३८, तिनं बरोबर २३ काढलं. दोन्ही फोटो फोल्डरमधी शेजारी शेजारी आहेत. माझं म्हणणं असं की चुकीचा फोटो काढून टाकू नका, तोच तर कामाचा आहे. नुसती सुंदर अक्षरातली पानं ठेवायची असतील तर तो पोर्टफोलिओ नाही, लग्नाचा अल्बम झाला.

आमच्या तालुक्यात कोलाम आदिवासींची पोडं, म्हणजे वस्त्या, आहेत. तिथलं पोरगं घरी कोलामी बोलते, पहिलीत येऊन मराठीत एका शब्दात उत्तर देते, अन् आपण म्हणतो मुकं आहे, मंद आहे. अशाच एका पोरीनं तान्ह्या पोळ्यासाठी मातीचा बैल केला अन् त्याच्याबद्दल कोलामीत बोलून ठेवलं. मॅडमले काही कळलं नाही, पण तिच्या मायले ऐकवलं तर ती हसत होती अन् मधीमधी मराठीत सांगत होती की शिंगं कशाची केली, पायाले काडी काहून लावली. पोरगी चांगली बडबडी निघाली. लेखी परीक्षेत हे कुठं बसवणार? शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली तेव्हा हातानं काम करत शिकायचंच तर म्हणणं होतं, ती गोष्ट भाषणात दरवर्षी येते, प्रगती पुस्तकात येत नाही.

अजून एक, जे शहरातल्या लोकांच्या लक्षात येणार नाही. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबं आपल्या भागात भरपूर. पोरगं मधीच दुसऱ्या गावच्या शाळेत बसते, अशा पोरांसाठीचं शिक्षण हमी कार्ड सोबत असते पण तिथल्या मास्तरला त्याला नेमकं काय येते ते कळत नाही, मग पुन्हा अ-आ-इ पासून. फोल्डरची लिंक सोबत गेली तर दहा मिनिटांत कळेल.

आता भीतीचं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगती पत्रक सांगितलंय, त्यात मुलानं स्वतःचं मूल्यमापन करायचं, सोबत्यानं करायचं असंही आहे, पारख या केंद्राच्या मूल्यमापन संस्थेनं त्याचे नमुनेही केलेत. चांगलंच आहे. पण हे वरून खाली येता येता त्याचं काय होते हे आपण पाहत आलो. २०१७ च्या सुरवातीला पोरांच्या हजेरीसाठी दर सोमवारी त्यांच्यासोबत सेल्फी काढून सरल या शिक्षण विभागाच्या पोर्टलवर टाकायचं काढलं होतं, शिक्षक संघटनांनी विरोध केला होता. त्यानंतरही काही ना काही चालूच, झाड लावलं फोटो टाका, पुस्तक वाचलं फोटो टाका. एकदा का पोर्टफोलिओचं पोर्टल निघालं अन् अमुक तारखेपर्यंत शंभर टक्के अपलोड असा मेसेज केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर पडला, की झालं. एकाच पोराचं वाचन सगळ्यांच्या नावावर चढेल, रेंज नसली तर मास्तर पोट्ट्यांना सोडून टेकडीवर जाऊन उभा राहील. माझी शिक्षण विभागाला एवढीच विनंती आहे की हे फोल्डर वर मागू नका. पाहायचं असेल तर केंद्रप्रमुखांनी शाळेत यावं, पोरासोबत बसून ऐकावं.

दुसरं म्हणजे पोरांचे चेहरे. उत्साहाच्या भरात काही शाळा व्हिडिओ सरळ फेसबुकवर, स्टेटसवर टाकतात, पालकाले विचारतच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण लहान मूल धरलाय अन् काही सवलती सोडल्या तर त्याची माहिती वापरायला आई-बापाची परवानगी लागते. शाळेला सवलत असो नसो, अडखळत वाचणाऱ्या पोराचा व्हिडिओ गावभर फिरला तर ते पोरगं पुढच्या वेळी तोंड उघडेल का? म्हणून आम्ही ठरवलं, आवाज अन् कामाचा फोटो घ्यायचा, चेहरा घ्यायचा नाही, ज्याचं त्याच्याच घरी दाखवायचं, सभेत लावायचं तर आधी त्या घरी विचारायचं. यात जागाही वाचते, मिनिटाचा आवाज म्हणजे एक एमबीच्या आसपास, व्हिडिओ केला तर पन्नास-शंभर, अन् फुकटचं ड्राईव्ह १५ जीबीचं.

तिसरी अडचण बदलीची. सगळं मॅडमच्या स्वतःच्या खात्यावर आहे, त्यांची बदली झाली की पोट्ट्यांची दोन वर्षं त्यांच्यासोबत दुसऱ्या तालुक्यात. पुढच्या मीटिंगमधी समितीपुढं विषय ठेवलाय की शाळेच्या नावानं वेगळं खातं काढायचं, पासवर्ड मुख्याध्यापकाकडे लिफाफ्यात, अन् लोकवर्गणीतून एक साधा मोबाईल अन् कॉलरचा माईक घ्यायचा, कारण पावसाळ्यात टिनावर असा आवाज होते की रेकॉर्डिंगमधी पोरगं ऐकूच येत नाही. बाकी गावांतल्या समित्यांनी रिचार्जचं कसं जमवलं ते कोणी तुमच्या पेपरातून कळवलं तर बरं होईल.

आपला,
एक पालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ