मोरीची भिंत आईला वाजवायला दिलीत, त्याबद्दल

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

तुमचे पैसे चुकते झाले, आभार तेवढे राहिले. तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही "काम आहे ते, ताई" म्हणून उडवून लावता. म्हणून लिहूनच टाकते.

गिरगावातली आमची चाळ 1940 च्या आधीची, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी. विटा चुन्यात बसवलेल्या, वर ज्याने त्याने आपापल्या काळात थापलेलं प्लास्टर. तुमच्या आधीच्या कंत्राटदाराने पोपडे खरवडले, पुट्टी फिरवली आणि थेट टाइल्स चिकटवल्या. पहिल्याच पावसाळ्यात त्या फुगल्या. एका सकाळी दोन-चार टाइल्स प्लास्टरसकट आईच्या पायाशी! फोन केला तर म्हणे, "भिंतच जुनी, मी काय करणार?" आई काहीही विचारो, हा उत्तर द्यायचा माझ्याकडे बघून.

तुम्ही आलात आणि माप घ्यायच्या आधी थापीच्या मुठीने भिंत ठोकलीत. मग थापी आईच्याच हातात दिलीत. "आजी, तुम्ही वाजवा. बद्द आवाज आला की सांगा." ती वाजवत गेली, ती 'इथं' म्हणेल तिथं तुम्ही खडूने गोल काढत गेलात. एकदा तिने चांगल्या जागेलाही बद्द म्हटलं. तुम्ही कान लावून पुन्हा ऐकलंत. "हे धरून आहे, आजी. हे ठेवू." दुसरा कोणी हसला असता. बाबा गेल्यापासून घरातल्या कुठल्या कामात तिला कोणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी शेजारणीला ठसक्यात सांगत होती, "अर्धी भिंत पोकळ आहे, मी बघितली."

पुढचं काम तुमचं तुम्हाला ठाऊक. विटांवर फुटलेला खारट लोणा घासून सांधे मोकळे केलेत, नवं प्लास्टर टाइलसाठी मुद्दाम खरबरीत ठेवलंत. अख्खा मजला "अजून किती दिवस?" म्हणत असताना सात दिवस पाणी मारून घेतल्याशिवाय टाइलला हात लावला नाहीत.

म्हाताऱ्या माणसाला उत्तर त्याच्याच तोंडाकडे बघून द्यावं, एवढं साधं. बँकेच्या खिडकीवर मिळत नाही, दवाखान्यात मिळत नाही. आम्हाला ते मोरीत मिळालं, बघा!

समोरच्या बिऱ्हाडातही मोरीचं काम निघालंय, तुमचा नंबर दिलाय. घासाघीस करतील. एक पैसा कमी करू नका.