आठ आणे

सोलापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय संत्र्या,

सात महिन्यांनी लिहितोय, तेव्हा शिव्या आधीच घालून घे. फोन करता आला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करतो. हे मला सलग सांगायचंय. तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथंच आहे, गुडघा कुरकुरतो.

मेजरसाहेब गेले. गेल्या महिन्यात, पहाटे, झोपेत. ९२ वर्षांचे होते. आदल्या गुरुवारी मी नेहमीसारखा गेलो होतो, तेव्हा विचारत होते, "शेंगा, तुझा तो संत्रा कधी येणार?" म्हणजे तुझी वाट बघत गेले, हे मनाला लावून घे. घेणार नाहीस, माहीत आहे.

आपल्या डेहराडूनच्या मिलिटरी कॉलेजच्या, आरआयएमसीच्या, शताब्दीला मी आलो नाही म्हणून तू दोन महिने बोलला नाहीस. १३ मार्च २०२२, तुझा तो फेट्यातला फोटो अजून आहे माझ्याकडे. दुकानाचं कारण मी सांगितलं ते खोटं होतं. मेडिकलला गुडघ्यावर नापास झालेला माणूस तिथं येऊन तुमच्या छातीवरच्या पट्ट्या मोजणार होता का? पण त्याच चिडीत मी मेजरसाहेबांसमोर फोनचा रेकॉर्डर लावून बसलो. म्हटलं, १९४४ साली त्या फाटकातून आत गेलेला माणूस आपल्याच गावात बसलाय आणि मी इथं चादरी विकतोय. आपल्या कॉलेजचे जनरल थिमय्या आणि मेजर सोमनाथ शर्मा यांच्यावर पुस्तकं आहेत. पहिलं परमवीर चक्र कुणाला, हाताला प्लॅस्टर असताना बडगामला कोण लढलं, हे आपल्याला झोपेतसुद्धा पाठ होतं. पण कॉलेजजवळच्या टोन्स नदीच्या काठावर बसून घरच्या आठवणीनं रडणाऱ्या पोरांचं कोण लिहून ठेवणार?

अकरा फायली झाल्या. प्रत्येकीत मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खटखटाट आहे. पहिल्या फायलीत मी दोनदा खिडकी लावली, तिसऱ्यांदा साहेबच म्हणाले, "राहू दे, नाहीतर सोलापूर आहे हे कसं कळणार?"

काय काय निघालं सांगू? मार्शल लॉ बघितलेलं हे गाव. १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी. आणि याच गावचा बाप तेरा वर्षांनी पोराला प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाच्या कॉलेजात घालतो! सख्खा काका चार वर्षं घरी जेवला नाही. पुढं प्रिन्स गळाला, रॉयलचा राष्ट्रीय झाला. साहेब म्हणायचे, "इंग्रज गेला, पण आर सोडून गेला." पासष्ट साली समोरच्या हवाई दलाचे प्रमुख नूर खान आपल्याच कॉलेजचे, हे तर ते असं सांगायचे की जणू हॉकीत आपलाच पोरगा एक दिवस समोरच्या टीमकडून खेळला. २०२२ पासून मुलींना घेतात म्हटल्यावर म्हणाले, "बरं झालं, आता पोरं आंघोळ करतील."

आता मूळ मुद्दा. आठ आण्यांची गोष्ट तुला ठाऊक आहे. शेजारच्या पलंगावरचा जेहलमचा पोरगा, त्यानं साहेबांकडून आठ आणे उसने घेतलेले. फाळणी झाली, मुसलमान पोरं पाकिस्तानात निघाली. जायच्या सकाळी त्यानं ते आठ आणे उशीवर ठेवले आणि गेला. साहेबांनी ते आयुष्यभर जपले. मेसमध्ये, लग्नांत, आपल्या पुण्याच्या गेटटुगेदरला, सगळीकडे सांगितलेली गोष्ट. तू तर तेव्हा डोळे पुसलेस आणि वर म्हणालास धूळ गेली.

नवव्या फायलीत साहेब म्हणतात, "तो सकाळभर मला शोधत होता. मी न्हाणीघरात लपलो होतो. का, ते आता काय सांगू? पंधरा वर्षांचा होतो. हाका मारल्या त्यानं. मग ट्रकचा आवाज आला. बाहेर आलो तर उशीवर आठ आणे. त्याच संध्याकाळी मी त्या गेलेल्या पोरांच्या वाट्याची जिलेबी खाल्ली." मग बराच वेळ नुसते माग चालू आहेत. मग म्हणतात, "लग्नानंतर हिला गोष्ट सांगितली. जपले होते असं तोंडातून गेलं. ती म्हणाली दाखवा. खिशात एक होतं, काढून दिलं. तिनं फ्रेम केली. आता काय करतोस? शेंगा, हे पुस हं." मी हो म्हणालो.

पुसलं नाही.

तेराव्याला नातू फ्रेम घेऊन आला. पुण्याला असतो, गुणी पोरगा आहे, बापापेक्षा मऊ बोलतो. म्हणाला, काका, ही फ्रेम आणि तुमच्या सगळ्या फायली आपण कॉलेजला देऊ, जुन्या पोरांच्या आठवणींत राहतील. चार माणसं हळहळली. मी फ्रेम हातात घेतली आणि संत्र्या, चष्मा लावून बघितलं तर नाण्यावर अशोकाचे सिंह! ४७ सालच्या अर्ध्या रुपयावर जॉर्ज राजाचं डोकं असायचं आणि मागं वाघ. सिंहांचं नाणं १९५० साली आलं. इतकी वर्षं ती फ्रेम दिवाणखान्यात होती, कर्नल-ब्रिगेडियर चहा पिऊन गेले, कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि गेलं ते कुणाचं, तर मेडिकलला नापास झालेल्याचं.

नातवाला काय सांगू? नववी फाईल काढून दहा द्यायच्या, तर फ्रेम खोटी जाते, आणि तिथं कुणीतरी नाणी जमवणारा निघणारच. नववीसकट द्यायच्या, तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडतो. बायको म्हणते, एवढं काय, फोन बिघडला म्हणून सांगा. तिच्या डोक्यात सगळ्याला हाच उपाय आहे, तुला उधार दिलेल्या स्टोव्हच्या वेळेपासून. (तो स्टोव्ह अजून आलेला नाही.)

पण मला झोप लागत नाही ती फ्रेमपायी नाही.

तू प्रत्येक गेटटुगेदरला कॉलेज सोडून गेलेल्या आपल्या चिमणीची गोष्ट सांगतोस. त्याचा बाप न्यायला आला, त्यांची विक्रम रिक्षा निघाली, आणि आपण दोघं हॉकी स्टिका टाकून फाटकापर्यंत मागं धावलो. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं तू चढवून सांगतोयस. आता मलाच ते दिसतं. रस्ता दिसतो, धूळ दिसते. पण आपण धावलो नव्हतो, संत्र्या. शिवाजी विरुद्ध रणजित, कॉलेजच्या दोन सेक्शनांची मॅच चालू होती, तुझी सेक्शन दोन-एकनं पुढं होती आणि मला बरोबरी करायची होती. विक्रम मैदानाच्या कडेनं गेली. चिमणीनं हात केला. मी चेंडूकडे बघितलं. तूही बघितलंस, मी तुला बघताना बघितलं. त्या रात्री त्याच्या ट्रंकेखाली राहिलेली माझी शेंगाचटणीची बरणी आपण दोघांनी चाटून संपवली. स्कोअर आठवतो, चटणी आठवते, त्याचा चेहरा काही केल्या येत नाही.

म्हणून नववी पुसवली नाही. साहेबांच्या आवाजात मी स्वतःलाच ऐकत होतो.

रागावलास तर रागाव, स्टोव्ह परत कर म्हणजे झालं. स्लॅब पडला का? वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की अजून डॉक्टर बदलताय? पोरीचं ठरलं हे इकडून तिकडून कळलं, तारीख कळव, चादरी माझ्याकडून, नाही म्हणायचं नाही.

नातू पुढच्या रविवारी येतोय. मी त्याला एकट्याला नववी फाईल ऐकवणार आहे, साहेबांच्याच खोलीत, खिडकी उघडी ठेवून. पुढं त्यानं ठरवावं. आजोबा त्याचे.

आणि तुझं एक काम. चिमणीनं जाताना घरचा पत्ता तुझ्या हिरव्या डायरीत लिहिला होता. डायरी हरवली म्हणून तू ८९ साली सांगितलंस, तेव्हा मी विश्वास ठेवला. माळ्यावर बघ.

तुझा,
शेंगा