उड्डाण नाकारण्याचा हक्क लेखी हवा

महोदय,
जानेवारी २०१८मध्ये डहाणूजवळच्या समुद्रात हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले, जून २०२२मध्ये मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ आणखी चार. ९ ऑक्टोबर २०२१ला चिपी विमानतळ सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गातही हा विषय दारात आला आहे. हेलिकॉप्टर आणि छोटी विमाने चालवणाऱ्या प्रत्येक कंपनीत खराखुरा सुरक्षा कार्यक्रम हवा. मेकॅनिकने सैल बोल्ट, वैमानिकाने स्वतःची चूक न घाबरता कळवावी. ती नोंद थेट मालकाच्या टेबलावर जावी आणि पुढच्या उड्डाणाआधी दुरुस्ती व्हावी. कळवणाऱ्यालाच नोटीस मिळाली, तर पुढच्या वेळी कोण बोलेल? आमचे मच्छीमार पूर्वापार नारळी पौर्णिमेआधी होडी दर्यात लोटत नाहीत. पावसाळ्यात ‘आज उड्डाण नको’ म्हणण्याचा हक्क वैमानिकालाही कंपनीने लेखी द्यावा.

– एक वाचक, मालवण