हेल्पलाइन छापली, पण फोन कुणाच्या खिशात?

संपादक महोदय,

साथीच्या तयारीत खाटा मोजल्या जातात, ऑक्सिजन मोजला जातो. मारहाण करणाऱ्याबरोबर घरात कोंडलेल्या बाईचा हिशेब कुणी धरत नाही. 2020 च्या टाळेबंदीत 181 आणि 1091 हे महिला हेल्पलाइनचे क्रमांक सगळीकडे झळकले. पण आपल्या मराठवाड्यात कितीतरी घरांत मोबाइल एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. त्यात एसटी बंद, म्हणजे माहेरही बंद.

त्याच वर्षी सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ताप नि ऑक्सिजन मोजायला पथके दारोदार फिरली. उंबऱ्यापर्यंत पोचणारी अशी दुसरी यंत्रणा नाही. फक्त आशाताईंना एक गोष्ट पक्की सांगायला हवी: सासूच्या देखत ‘मारहाण होते का?’ विचारायचे नाही. रात्री त्याची वसुली होते. तपासणीच्या निमित्ताने बाजूला घ्यायचे, कागद घरात ठेवायचा नाही आणि निरोप थेट संरक्षण अधिकाऱ्याला (घरगुती हिंसेच्या तक्रारींसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) द्यायचा. बाईने स्वतः फोन केला, तर ठेवताच तो नंबर पुसायचा.

पोलीस ठाण्यात बहुधा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून बोळवण होते. एनसीने घरातला आसरा मिळत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडून डीआयआर (घरगुती हिंसेच्या घटनेचा अहवाल) भरून घ्यावा. दवाखान्यात केसपेपरवर ‘पायरीवरून पडली’ असे लिहू देऊ नये. मार कुणी, कशाने दिला ते सांगावे. डीआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. या कायद्याखालचा अर्ज माहेरच्या तालुक्याच्या कोर्टातही चालतो आणि बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पहिली तारीख साधारण 3 दिवसांत, निकाल त्यापासून 60 दिवसांत, असे कायदा म्हणतो. गाडी अडते नोटिशीवर. नवरा ऊसतोड टोळीबरोबर कर्नाटकात आणि अर्जावर पत्ता गावाचा! म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमाचे नाव आणि साखर कारखान्याचा पत्ताही अर्जात घालावा, आणि प्रतिज्ञापत्र जोडून कलम 23 खाली अंतरिम आदेश त्याच दिवशी मागावा. आदेश मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद आहे, हे ठाण्यातही ठाऊक असावे.

पुढच्या टाळेबंदीचा आदेश निघेल तेव्हा अत्यावश्यक सेवांच्या यादीत संरक्षण अधिकारी पहिल्याच दिवशी असावेत. गाडी आणि पाससकट.

– कुटुंब सल्ला केंद्रातील कार्यकर्त्या, जि. बीड