रद्द नव्हे, समाप्त!

माननीय संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या क्रीडा पानावर कोरोना काळातल्या खेळांवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण फ्रान्सच्या वाट्याला त्यात जेमतेम दोन वाक्यं आली. पहिलं, 2020 मध्ये तिथल्या सरकारने फुटबॉलचा हंगाम रद्द केला. दुसरं, पॅरिस सेंट-जर्मेन विजेता ठरला. हंगाम रद्दच झाला असेल, तर विजेता आला कुठून?

रद्द केला तो नेदरलँड्सने. 24 एप्रिल 2020 ला तिथल्या महासंघाने जाहीर केलं की यंदा विजेता नाही, कुणी वर जाणार नाही आणि कुणी खाली उतरणार नाही. दुसऱ्या श्रेणीत पहिला असलेला कांबूर नावाचा संघ तिसऱ्या क्रमांकापेक्षा अकरा गुणांनी पुढे होता. त्याच्याही हाती काही लागलं नाही. फ्रान्सने तसं केलं नाही. तिथे हंगाम 'समाप्त' झाला. म्हणजे होते त्या जागी सगळ्यांना गोठवलं आणि तोच अंतिम निकाल धरला. पॅरिसवाल्यांना या दोन शब्दांतला फरक जाणवलाही नसेल, ते तसेही बरेच पुढे होते. तो जाणवला तिसऱ्या श्रेणीतल्या एका गावाला. योगायोगाने तेव्हा मी त्याच गावात राहत होतो.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. मासळी प्रक्रियेच्या धंद्यापायी 2017 ते 2021 अशी चार वर्षं बुलोन-सुर-मेर इथे काढली. इंग्लिश खाडीवरचं हे गाव म्हणजे फ्रान्सचं सर्वांत मोठं मासेमारी बंदर. बंदरालगतच्या कापेक्यूर भागात नुसते मासळीचे कारखाने. पहिल्याच दिवशी तिथला वास नाकात गेला आणि परदेशात आल्याची अर्धी भीती पळाली. गावाला अभिमानाच्या गोष्टी दोन, मासे आणि फुटबॉल. फ्रान्सचा नामवंत खेळाडू फ्रांक रिबेरी इथलाच. विश्वविजेत्या फ्रान्सचा एन्गोलो कांते 2012-13 च्या हंगामात इथल्याच लाल-काळ्या जर्सीत तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. 2009-10 मध्ये हा क्लब एक वर्ष थेट पहिल्या श्रेणीत जाऊन आला. नंतर घसरला, आणि 2012 पासून तिसऱ्या श्रेणीत अडकून पडला.

या तिसऱ्या श्रेणीचं नाव 'नॅशनल'. तेव्हा संघ 18, फेऱ्या 34, सामने बहुतेक शुक्रवारी रात्री. वरची लीग 2 व्यावसायिक लीगच्या अखत्यारीत येते आणि नॅशनल महासंघाच्या. त्यामुळे ती एक पायरी चढणं म्हणजे घरच बदलणं. पैसा वेगळा, करार वेगळे, टीव्हीवर दिसणंही वेगळं. पहिले दोन संघ थेट वर जातात. तिसऱ्याला लीग 2 मधल्या खालून तिसऱ्या संघाशी दोन सामने खेळावे लागतात. या लढतीला तिथे 'बराज' म्हणतात. धरणालाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे, आणि खालून वर चढणाऱ्याला ती लढत तशीच वाटते.

आमच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहत. जन्म मासळीच्या लिलावात गेलेला. शुक्रवारी ते मला स्टेडियमवर घेऊन जात. बाकडं ओलं असायचंच, म्हणून बुडाखाली घालायला वर्तमानपत्राचं एक पान घडी करून आणत. कागदाच्या पुडीत गरम बटाट्याच्या फोडी, वर मेयोनेझ, आणि समुद्रावरून आडवा येणारा पाऊस. आमच्या मृगासारखा नव्हे. बारीक, थंड, कॉलरमधून आत शिरणारा. त्यांच्या फ्रिजवर गुणतक्त्याचं कात्रण लावलेलं असे आणि त्याच्या समासात पेन्सिलीने उरलेल्या सामन्यांची आकडेमोड. मार्च 2020 मध्ये 25 फेऱ्या झाल्या होत्या. पो नावाचं गाव पहिलं, डंकर्क दुसरं, बुलोन तिसरं. नऊ सामने बाकी, म्हणजे 27 गुण अजून मैदानावर पडलेले. त्यात डंकर्क म्हणजे त्याच किनाऱ्यावरचा शेजारी. त्याला मागे टाकून वर जायचं, हे त्या समासातलं मुख्य गणित होतं.

13 मार्चला, शुक्रवारीच, सगळे सामने पुढील सूचनेपर्यंत थांबवल्याचा निरोप आला. मंगळवारी 17 तारखेला दुपारी बारापासून देश बंद. यात कुणाची काही तक्रार नव्हती. आमच्याकडे बंदरावर बावटा चढला की होड्या किनाऱ्याला लागतात, तिथे वाद घालायचा नसतो. 16 एप्रिलला महासंघाने चौथ्या श्रेणीपासून खालचं सगळं फुटबॉल संपवलं. क्रमवारी 13 मार्चची धरली. सामने कमी-जास्त झाले असतील तिथे दर सामन्यामागे गुण काढले आणि प्रत्येक गटातून एकच संघ खाली पाठवायचा असं ठरवलं. खालच्यांपुरता हा निर्णय शहाणपणाचा होता, हे कबूल करतो. हौशी क्लबांचं सगळं चालतं स्वयंसेवकांवर, गावातल्या बेकरीच्या जाहिरातीवर आणि सामन्याच्या दिवशी खपणाऱ्या बिअरवर. जूनमध्ये रिकाम्या मैदानावर खेळायला लावलं असतं तर त्यांचं दिवाळं निघालं असतं.

नॅशनलचा निर्णय तेवढा लटकत ठेवला. 28 एप्रिलला पंतप्रधान एदुआर फिलीप यांनी संसदेत सांगितलं की व्यावसायिक खेळांचा, विशेषतः फुटबॉलचा, हंगाम पुन्हा सुरू होणार नाही. त्याच दिवशी महासंघाने नॅशनलवरही पडदा टाकला. पो आणि डंकर्क वर गेले. बराज झालीच नाही. लीग 2 मध्ये अठरावं असलेलं निओर जागेवर राहिलं, आणि बुलोनही.

पोबद्दल मला आकस नाही. गाव रग्बीचं, फुटबॉल क्लब कधी दुसऱ्या श्रेणीत गेला नव्हता, आणि मैदानाचं नाव 'नुस्ते काम्प', म्हणजे तिथल्या बोलीत 'आपलं मैदान'. बार्सिलोनाच्या 'काम्प नोऊ' या प्रसिद्ध मैदानाच्या नावाची ही थट्टा. (नुस्ते म्हणजे आमच्याकडे मासे. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं, तेव्हा म्हणाले की मग ते मैदान बुलोनला हवं होतं.) डंकर्कही पात्र होतं. माझं म्हणणं त्यांच्या बढतीबद्दल नाहीच. जी लढत नियमाने बुलोनच्या हक्काची होती, ती खेळवायला काय हरकत होती, एवढाच माझा प्रश्न आहे.

महामारी होती, हे उत्तर मला मान्य नाही. 24 जुलैला पॅरिसलगतच्या स्टाद द फ्रान्सवर फ्रेंच कपचा अंतिम सामना झाला, तोही प्रेक्षकांसमोर. पॅरिस सेंट-जर्मेनने सेंट एतिएनला 1-0 हरवलं, गोल नेमारचा. आठवडाभरात, 31 जुलैला, लीग कपचा अंतिम सामनाही झाला आणि पेनल्टीपर्यंत रंगला. ज्या देशात जुलैत दोन करंडक वाटता येतात, तिथे निओर आणि बुलोनच्या अकरा-अकरा पोरांना 180 मिनिटं देता आली नसती?

शेजारच्यांनी काय केलं ते पाहा. जर्मनीची तिसरी श्रेणी 30 मेपासून पुन्हा खेळू लागली. इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीने साखळी सामने सोडून दिले, दर सामन्यामागच्या गुणांवर क्रमवारी लावली, पण बढतीच्या बाद लढती मात्र रिकाम्या मैदानावर खेळवल्या. खेळ थांबला तेव्हा वायकोंब आठवं होतं. नव्या हिशेबाने तिसरं झालं आणि 13 जुलैला वेम्बलीवर ऑक्सफर्डला 2-1 हरवून वर गेलं. आठव्याचं तिसरं होणं हाही घोळच म्हणा. पण निदान शेवटचा शब्द बुटाचा होता, कॅल्क्युलेटरचा नव्हता.

फ्रान्समध्ये मात्र नॅशनलचाच शिरस्ता लीग 2 मध्येही चालला. तिथे 28 फेऱ्यांनंतर लोरियाँ 54, लांस 53, अजाक्सिओ 52, त्रुआ 51, क्लेरमाँ 50 अशी शिडी होती. पहिले दोघे पहिल्या श्रेणीत गेले, उरलेले तिघे घरी. या निर्णयाविरुद्ध न्यायालयात गेले ते मोठे क्लब, म्हणून बातम्याही त्यांच्याच झाल्या. बुलोनची बातमी स्थानिक पेपरात आली.

आणि खरी गंमत पुढच्या वर्षी. ऑक्टोबर 2020 च्या अखेरीस दुसरा लॉकडाऊन लागला आणि चौथ्या श्रेणीपासून खालचं फुटबॉल पुन्हा थांबलं. 24 मार्च 2021 ला महासंघाने तो हंगाम 'कोरा' जाहीर केला. फ्रेंचमध्ये 'सेझों ब्लांश'. ना बढती, ना घसरण. म्हणजे आदल्या वर्षी समाप्त, यंदा रद्द. फेऱ्या फार कमी झाल्या होत्या, हे कारण पटण्यासारखं आहे. पण कप मात्र त्याच क्लबांना घेऊन चालूच होता! चौथ्या श्रेणीतल्या काने-रूसिलोंने 7 फेब्रुवारीला मार्सेलला 2-1 ने घरी पाठवलं. आल्प्सच्या पायथ्याचं र्‍युमिली-व्हालिएर तर तुलूझला हरवून उपांत्य फेरीत गेलं आणि 13 मेला मोनाकोकडून 1-5 ने हरलं. लीगच्या तक्त्यात ज्यांचं पान कोरं, ते मे महिन्यात देशाच्या कपची उपांत्य फेरी खेळत होते. लीगसाठी धोका आणि कपसाठी नाही, असा हा कुठला विषाणू?

आपल्याकडची आठवण द्यायची तर, 14 मार्च 2020 ला फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियमवर आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) अंतिम सामना झाला, तो मी बुलोनमध्ये मोबाइलवर पाहिला. आय-लीगही चार फेऱ्या आधीच थांबली. पण मोहन बागानने 10 मार्चलाच गुणांची अशी आघाडी घेतली होती की त्यांना कुणी गाठूच शकत नव्हतं. तिथे विजेता मैदानाने ठरवला होता, कागदाने फक्त शिक्का मारला. नॅशनलमध्ये नऊ फेऱ्या बाकी असताना ठरलेलं काहीच नव्हतं.

कुणी म्हणेल, माणसं मरत होती आणि तुम्हाला तिसऱ्या श्रेणीच्या बराजीची पडली आहे. खरं आहे. त्या वसंतात आमच्याच रस्त्यावरून दोन शवपेट्या गेल्या, खिडकीतून पाहिल्या. त्या दिवसांत मलाही फुटबॉल आठवला नव्हता. पण हाच युक्तिवाद 24 जुलैच्या कपला का लावला नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

बुलोनचं पुढे काय झालं, तेही सांगतो. 2022 मध्ये क्लब चौथ्या श्रेणीत घसरला. हे सगळं त्या न झालेल्या बराजीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, निओरकडून हरलेही असते. 2024 मध्ये परत वर आला आणि 2025 मध्ये अखेर लीग 2 मध्ये पोहोचला. तिथे पो आणि डंकर्क आधीच बसलेले. फ्रिजवरचं ते कात्रण मी भारतात परतलो तोवर तसंच होतं, पेन्सिलीचे आकडे पुसट झालेले, एका कोपऱ्यावर केचपचा डाग. काढत का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, अजून नऊ सामने बाकी आहेत.

पत्र लांबलं, याची जाणीव आहे. जागा कमी पडत असेल तर बेलाशक कापा. फक्त पुढच्या रविवारी दुरुस्तीच्या चौकटीत 'रद्द'च्या जागी 'समाप्त' एवढा एक शब्द छापा.

आपला,
एक जुना वाचक,
वेंगुर्ले